किसन खच्चरवाल्याचा चेहरा

१५ ऑगस्ट १९७२, आंजी
झेंडावंदन आटोपलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेपुढच्या चौकात दगड बसवला. बेचाळीसला गावातून जे तुरुंगात गेले त्यांची नावं. माझ्या वर्गाच्या मुलींनी गाणं म्हटलं, दुसऱ्या कडव्यात विसरल्या, टाळ्या तरी मिळाल्या.
माय आली होती. तिला वाचता येत नाही. सगळे पांगल्यावर दगडाशी गेली. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "तुह्या बापाचं कोनतं?"
नाही म्हटलं.
"काऊन?"
सरपंच जवळच होते. भला माणूस. म्हणाले, "काकू, किसनभाऊ इंग्रजाच्या पलटनीत होते ना. हे इंग्रजाच्या विरोधातले."
बरोबरच आहे त्यांचं. मायनं पदर सारखा केला आणि चालू लागली. घरी आल्यावर जेवली नाही.

१७ ऑगस्ट
आज विचारलंच, बाबा दिसायला कसे होते? घरात फोटो नाही. कधी नव्हता.
माय तूर निवडत होती. म्हणाली, "मले नाई सांगता येत."
म्हणजे?
"दिवसा सासू-सासरे समोर. पदर नाकाच्या खाली. अन् अंधारात कोनाचा चेहरा दिसते? सारे दिवस मोजले त चार महिने होते ते माह्यासंग. पाय ठावं हायेत. उजव्या अंगठ्याले नख नव्हतं. पाय कोठीबी ओळखीन."
एकोणतीस वर्षांची झाले. आजवर समजत होते की मला फक्त सांगितलेलं नाही, मायला माहीत आहे. तिलाही माहीत नाही.

२ सप्टेंबर
ट्रंकेतला सरकारी कागद पुन्हा काढला. इंग्रजी. चव्वेचाळीस साल. खच्चर पलटण, ब्रह्मदेश. 'बेपत्ता'. त्यापुढे काही नाही. मेल्याचा कागद कधी आलाच नाही.
माय अजून कुंकू लावते. आजी होती तोवर वाटायचं, आजीच्या धाकानं. आजी जाऊन सतरा वर्षं झाली. गावातल्या बायका हळदीकुंकवाला बोलावतात, पण आधी एकमेकींकडे बघतात. माझ्यासाठी स्थळं आली तेव्हाही पहिला प्रश्न तोच, वडील आहेत की नाहीत? काय सांगायचं. दोन स्थळं त्याच्यावरच गेली. तिसऱ्याला मीच नाही म्हटलं.

११ नोव्हेंबर
वर्ध्याला कचेरीत गेले होते. माजी सैनिकांच्या टेबलावरचा कारकून म्हातारा, सावकाश. रजिस्टरांची धूळ झटकत म्हणाला, त्या खच्चर पलटणीतला एक माणूस आपल्या जिल्ह्यात आहे. श्रावण ढोके, हिंगणघाट. कापसाच्या जिनिंगमध्ये फाटकावर होता, आता घरीच असेल. पत्ता उतरवून घेतला.
मायला सांगितलं नाही. चांगली बातमी असणार नाही हे मला कळतं. कुंकवाचं काय होईल?
पत्र टाकलं.

९ जानेवारी १९७३
तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. पोस्टकार्ड, शिसपेनीनं, अक्षर मोठं:
'किसन आंजीवाला माहा जोडीदार. या.'
बस एवढंच. दिवसभरात किती वेळा वाचलं. मुलींना वजाबाकी शिकवताना बेरीज करून दिली.

४ फेब्रुवारी
हिंगणघाट. मायला सांगितलं, शिक्षकांची सभा.
घर वेणा नदीच्या बाजूला, जिनिंगच्या मागे. कौलांवर, कुंपणावर, तुळशीवरसुद्धा सरकी-कापसाची लव बसलेली. ढोके साठीचे. ताठ. तोफांनी कान गेलेले, त्यामुळे मोठ्यानं बोलतात. मला दारात पाहिलं आणि तसेच आत गेले. पाणी पिऊन आले.
"कपाळ तेच हाये," म्हणाले. "भिवया त्याच. नाक नाई त्याचं, नाक तुमच्या मायचं असंन. हसा बरं थोडं."
हसता आलं नाही.
मग बोलत राहिले. बाबा खच्चर हाकायचे. बंदूक सगळ्यांना होती, पण काम खच्चरांचं, दारूगोळा आणि रेशन पाठीवर घालून डोंगरातून न्यायचं. बैलं राखलेला माणूस म्हणून साहेबानं हाताखाली घेतलं. खच्चरीचं नाव चंद्री ठेवलं. उंच होते, दरवाजातून वाकून जायचे. चालताना डावा खांदा खाली. अंबाडीची भाजी, अंबाडीची भाजी करून जीव खायचे. तिकडल्या जंगलात एक आंबट पाला सापडला, तो शिजवून सगळ्यांना वाढला, सगळ्यांचं पोट बिघडलं.
"दुश्मन जवळ होता. खच्चर ओरडलं त सारे मरतीन. म्हनून डॉक्टरनं एकेकीले खाली पाडलं अन् गळ्यातला आवाज काढून टाकला. चंद्रीची पाळी आली तवा किसन तिची मान मांडीवर घेऊन बसला होता. मंग दोन दिवस तोबी नाई बोलला कोनासंग."
पुढचं विचारलं नाही. बस होती साडेचारची.
घरी आल्यावर आरशात कपाळ पाहत बसले. माय म्हणाली, "काय झालं वं?" डोकं दुखते म्हटलं.

२० मे
सुट्टी. परत ढोक्यांकडे. या वेळी त्यांनीच सांगितलं, मी न विचारता.
माघार चालली होती. रामप्रहरी नदीवर पोचले, पाणी चढलेलं. ढो. आधी पार झाले. बाबा शेवटच्यात. मधल्या धारेत चंद्रीचा पाय घसरला. बाबांनी तिला सोडलं नाही. "दोघंबी वाहत गेले. वळनापर्यंत डोकं दिसे. मंग नाई दिसलं."
"तुम्ही?"
"मी काठावर. हुकूम होता, कोनी मांगं फिराचं नाई. मी नाई फिरलो."
बराच वेळ हातातली विडी पेटवली नाही.
मग म्हणाले, सेहेचाळीसला पलटणीतून सुटून आल्यावर ते आंजीला आले होते. मायला सांगायला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाभूळ होती, तिच्याखाली उभे राहिले. "तुमची माय दारात होती. कपायावर मोठं कुकू. कडेवर पोट्टी. माह्यानं पाय नाई उचलला बाई. तसाच वळलो. दोन घंट्याचा रस्ता हाये आंजी, सत्तावीस वर्षं नाई आलो."
कडेवरची पोट्टी मी.

२१ मे
मायला सांगायचं ठरवून उठले. ती अंगणात सडा टाकत होती, न्हाऊन, ताजं कुंकू लावून. नाही सांगितलं.

६ ऑक्टो. १९७५
दिवाळीच्या आधी ढों.ना भेटून आले. सून चांगली आहे, आता चहा न विचारता आणते. दगडाचा विषय मीच काढला. माझ्या बापाचं नाव त्यावर नाही म्हणून वाईट वाटतं का, मलाच कळत नाही.
ढो. म्हणाले, "आमी पोटासाठी गेलतो जी. कोनासाठी लढता ते आमाले कोनी विचारलं नाई. परत आलो त वर्ध्याच्या टेसनावर एकजन म्हने, इंग्रजाचे नोकर आले. त्याचंबी खरं. पन मेले ते मेलेच ना."
पदकं पेटीत. नातवानं खेळायला नेली होती, एक हरवलं. रागावले नाहीत.

३ मार्च १९७८
माय आजारी होती महिनाभर. ताप उतरला. तापात एकदा म्हणाली, "बूट काढा आंधी, मंग घरात या." कोणाला म्हणाली, विचारलं तर आठवत नाही म्हणते.

१२ डिसेंबर १९८०
मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. २६ जानेवारीला आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या सैनिकांना बोलवायचं, नारळ आणि शाल द्यायची. सगळ्या लढायांतले, इंग्रजांच्या काळातलेही. एका सदस्यानं तोंड वाकडं केलं. सरपंच म्हणाले, "बाईचा बाप होता त्यात. होऊ द्या." ते तेच सरपंच, आता थकलेत.
ढों.ना पत्र टाकलं. मनात धाकधूक. ते आंजीला येतील, मायची गाठ पडेल. पण किती दिवस? माय चोपन्नची झाली. कोणी तरी सांगायला हवं आणि माझ्यानं होत नाही. त्यांच्या तोंडून होऊन जाऊ दे, असा भ्याड विचार.

२६ जानेवारी १९८१
पाच जण आले. एक बासष्टच्या लढाईतला, दोघं एकाहत्तरचे, त्यातला एक कुबडीवर. दोघं जुने. ढो. नातवाचा कोट घालून. बाह्या आखूड.
सगळ्यांना बोलायला सांगितलं. कोणी बोलेना. ढो. उठले आणि खच्चरांचं सांगितलं. आवाज काढून टाकला म्हटल्यावर पोरं हसली. ढो. थांबले. "ओरडाले तोंड उघडे, आवाज नाई निघे," म्हणाले, आणि तोंड उघडून दाखवलं. मग कोणी हसलं नाही.
नंतर घरी जेवायला. मायला एवढंच सांगितलं होतं की हे बाबांच्या पलटणीतले. भल्या पहाटेपासून कामाला लागली होती. अंबाडीची भाजी, भाकर, ठेचा. डोक्यावर पदर, नजर खाली. त्यांचं अर्धं जेवण झालं तेव्हा, भाकर वाढताना विचारलं, "भाऊ, ते दिसाले कसे होते?"
ढों.नी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं सगळं, उंची, खांदा, भिवया, हसताना एक डोळा बारीक व्हायचा ते. माय उभीच. टोपली हातात.
ढो. हात धुवायला उठले आणि उंबऱ्याशी थांबले. "वैनी, मी तवाच येनार होतो. सेहेचाळीसले आलोबी होतो..."
माय म्हणाली, "बाभळीखाली?"
ढों.नी वळून पाहिलं.
"खाकी कपडे. पलटनीचे बूट. तिथं उभं राहून घराकडे पाहत होते."
"हो वैनी. तो मीच."
माय खाली बसली. टोपली बाजूला ठेवली. "मले वाटलं हे आले. चेहरा त ठावं नव्हता. पाय बुटात होते. मी म्हटलं, येतीन आता. मंग वळून गेले. मले वाटलं, पोरगी झाली म्हनून गेले. नाई त मी नजरेले नाई आली."
पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं माझ्या मायला वाटत होतं की तिचा नवरा जिवंत आहे आणि तिला पाहून परत गेला. कोणाला बोलली नाही. त्या माणसासाठी रोज कुंकू लावत होती.
ढो. रडले. मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखं. मग नदीचं सांगितलं.

२७ जानेवारी
माय सकाळी, "तुले ठावं होतं?"
हो.
"कवापासून?"
त्र्याहत्तर.
न्हाऊन आली, आरशापुढे गेली नाही.

१४ फेब्रुवारी
माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. कपाळ कोरं. वयानं एकदम मोठी दिसते, किंवा लहान. मला ठरवता येत नाही.

२ मार्च
आज बोलली. कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे पाठ करून. "तू मले आठ वर्षांआंधी सांगतलं असतं त आठ वर्षांआंधी मले कळलं असतं, का ते मले टाकून नाई गेले."
कुंकवाची काळजी करत होते मी. तिच्या मनात हे होतं याचा विचारही कधी केला नाही. पाय धरले. "उठ, कपडे वल्ले हायेत," म्हणाली.

१९ सप्टेंबर १९८२
माय आता महिन्यातून एकदा एकटी हिंगणघाटला जाते. मी शाळेमुळे जमेल तेव्हा. सकाळच्या बसनं, डब्यात काहीतरी घेऊन. ढो. ओसरीवर, ही उंबऱ्यात. ऐकते. परत आल्यावर मला सांगते, एखादी पोरगी सांगते तसं. "ते गाने म्हनत काय, तुले ठावं हाये? बेसूर." "त्यायले साप दिसला त खच्चरीच्या मांगं लपत." "एकडाव त्यायनं साहेबाच्या बुटात बेडूक टाकला."
चार महिन्यांच्या संसारात माय आता भर घालते आहे. छप्पन्नच्या आसपास. लग्न झाल्यासारखी दिसते.
कुंकू नाही. पण हे आहे.

५ नोव्हेंबर १९८३
माझी बदली कारंजाला होणार अशी आवई होती, रद्द झाली. माय म्हणाली, बरं झालं, कारंज्यावरून हिंगणघाट लय दूर पडते. माझ्या नोकरीचा हिशेब तिनं ढों.च्या ओसरीवरून मांडला. हसू आलं.

८ डिसेंबर १९८४
ढों.च्या सुनेचा निरोप आला एका ट्रकवाल्याकडून. बाबूजी सीरियस, तुमाले दोघींले बोलावते. सकाळी निघालो.
खाटेवर. अंग भाजत होतं. ओळखलं. आधी मायला, मग मला. सुनेनं हळूच सांगितलं, "तापात काईबी बोलते हो बाई. परवा मले त्यायची माय समजले."
थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, वैनी, एक गोष्ट नाई सांगतली.
मायनं पदर पुढे घेतला.
तिसऱ्या दिवशी मागून एक तुकडी आली, त्यांनी चंद्रीला सोबत आणलं होतं. नदीच्या खालच्या वळणावर चरताना सापडली म्हणाले. "अन् तिचं खोगीर, त्यायनं सांगतलं, दगडावर उलटं ठेवलं होतं. वाळाले. वैनी, खोगीर वाळाले उलटं ठेवनारा आमच्यात एकच होता. बाकीचे फेकून देत."
धाप लागली. सुनेनं पाणी पाजलं.
"साहेबाले सांगतलं मी. म्हनून त कागदावर मेला नाई लिहिलं. बेपत्ता लिहिलं."
मी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं खोगीर?
"नाई. त्यायनं सांगतलं."
मग इतकी वर्षं का नाही बोललात?
माझ्याकडे पाहिलंच नाही. मायकडे पाहून म्हणाले, "सांगतलं असतं त तुम्ही वाट पाहत बसल्या असत्या."
त्यांच्या पायावरची गोधडी सरकली होती, ती मायनं सारखी केली.

९ डिसेंबर
ताप होता. सून म्हणते तसं, काहीही बोलतात. किंवा मायला काहीतरी द्यावं म्हणून बोलले, शेवटचं. किंवा चाळीस वर्षं छातीवर ठेवलेलं खरंच असेल. कागदावरचा 'बेपत्ता' मात्र खरा आहे, तो मी शंभरदा वाचलाय.
खोगीर उलटं ठेवून तो माणूस कुठे गेला? खालच्या बाजूला गावं होती का, हे विचारायचं राहिलं. बाबा आता पासष्टचे असतील.
मायला विचारलं, तुला काय वाटतं? "मले काय वाटन," म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

११ डिसेंबर
आज थंडी फार. शाळेतून आले तर माय ओसरीवर शाल पांघरून. कपाळाकडे पाहिलं, कोरंच होतं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिकडे ब्रह्मदेशात थंडी पडते काय वं, या दिवसात?"
मला माहीत नाही म्हटलं.
"तू मास्तरीन ना?"
भूगोलाचं पुस्तक काढलं. ब्रह्मदेशावर अर्धं पान आहे. भात, सागवान, नद्या, पाऊस. थंडीचं काही दिलेलं नाही.